नर्सिंगची पदवी ऑनलाइन, पण वॉर्डात शिकवणार कोण?

रुग्णालयात बारा-पंधरा वर्षे काढलेल्या बऱ्याच सिस्टरांकडे एक राहून गेलेला अर्ज असतो. पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगचा. बारावीनंतर तीन वर्षांची जीएनएम पदविका केली, परिषदेत नोंदणी झाली, नोकरी लागली. पदवी पुढे कधीतरी घ्यायची, हे तेव्हाच ठरलेले असते. मग लग्न, मुले, बदली, घराचे हप्ते. नियमित पोस्ट बेसिक अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ. तेवढी रजा सरकारी नोकरीत सगळ्यांना मिळत नाही आणि खासगी रुग्णालयात मागितली तर नोकरीवरच गदा येते. पदवी नाही म्हणून एमएस्सीचा रस्ता बंद, नर्सिंग महाविद्यालयात शिकवण्याची वाट अवघड. चार वर्षांची बीएस्सी करून कालच रुजू झालेली मुलगी मुलाखतीत पुढे निघून जाते. रात्री दोन वाजता त्याच मुलीला रुग्णाची शीर सापडत नाही, तेव्हा हाक मात्र हिलाच मारली जाते.

अशा परिचारिकांसाठी (आणि ब्रदरांसाठीही, त्यांची संख्या आता दुर्लक्ष करण्याइतकी कमी राहिलेली नाही) एक मधला मार्ग सुचवला जातो. लेखी अभ्यास ऑनलाइन, प्रात्यक्षिक प्रत्यक्ष रुग्णालयात. नोकरी सुटत नाही, गाव सुटत नाही, पदवी मिळते. या कल्पनेवर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. नर्सिंग काय मोबाइलवर शिकता येते का, हा ज्येष्ठ मेट्रनचा सवाल. जग कुठे चालले आहे आणि तुम्ही अजून फळ्यापाशीच, हा संगणकवाल्यांचा. दोघांचे भांडण पडद्यावरून होते. खरा प्रश्न पडद्यापासून बराच लांब, वॉर्डातल्या खाटेपाशी आहे.

लेखी भागापुरते संगणकवाले बरोबर आहेत, हे आधी मान्य करायला हवे. शरीररचना, औषधशास्त्र, पोषण, संख्याशास्त्र, संशोधनाची ओळख, कायदा आणि नीती हे विषय वर्गातच बसून शिकले पाहिजेत असे काही नाही. उलट नोकरी करणाऱ्या बाईला ते घरी, पुन्हापुन्हा थांबवून शिकता आले तर जास्त चांगले. पाचशे मिलिलीटर सलाइन चार तासांत द्यायचे, सेटमधून २० थेंबांत एक मिलिलीटर जाते, तर मिनिटाला थेंब किती? उत्तर साधारण ४२. हा हिशेब फळ्यावर एकदा पाहून विसरला जातो. मोबाइलवर आकडे बदलून पन्नास वेळा सोडवला की हाताशी येतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलींना इंग्रजी पुस्तकांचा जो धाक असतो, तोही रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाने कमी होतो. वर्गात हात वर करून ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणण्याची हिंमत चाळिशीतल्या विद्यार्थिनीत फारशी नसते. व्हिडिओ मागे नेण्याला हिंमत लागत नाही.

पण बाळंतपणानंतर पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट झाले आहे की अजून सैल आहे, हे हातालाच कळते. ते सैल राहिले तर रक्तस्राव सुरू होतो आणि बाई बघता बघता हातची जाते. जुलाबाने सुकलेल्या मुलाच्या हाताची शीर शोधायची तर ती बोटाच्या टोकाला जाणवावी लागते. अतिदक्षता विभागात एखादा म्हातारा अचानक बेचैन होतो, नळ्या ओढू लागतो. नवखी परिचारिका झोपेच्या औषधासाठी डॉक्टरांना फोन लावते. मुरलेली आधी त्याचा ऑक्सिजन बघते, कारण बेचैनी हे प्राणवायू कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. हे वाक्य पुस्तकातही आहे आणि ते पाठ करून दहा गुणही मिळतात. मात्र पहाटे चार वाजता ते आठवायला, आधी कधीतरी कुणीतरी शेजारी उभे राहून ‘थांब, आधी बोटाला प्रोब लाव’ असे म्हटलेले असावे लागते.

शेजारी उभी राहणारी ती व्यक्ती हाच अशा अभ्यासक्रमाचा कणा. ती कोण, किती वेळ देणार, तिला त्याचे काय मिळणार, ही उत्तरे ठरली नसतील तर व्याख्याने कितीही उत्तम रेकॉर्ड केली तरी त्या पदवीत अर्थ नाही.

पदवीचा एवढा आग्रह हवाच कशाला, असेही विचारले जाते. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेले सव्वाचार लाखांच्या आसपास रुग्ण त्यात होते. परिचारिकांमध्ये पदवीधरांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीच शक्यता सात टक्क्यांनी वाढली. हा निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास आहे, पदवीच्या कागदात जादू आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय पदवीचा आकडा जाहिरातीत झळकतो आणि रुग्णसंख्येचा गाळला जातो, हेही लक्षात ठेवायला हवे. तरीही जास्त शिकलेली परिचारिका रुग्णाची बिघडती अवस्था लवकर ओळखते आणि डॉक्टरांना ठामपणे सांगते, एवढे मानायला हरकत नसावी. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. भोर समितीचा अहवाल १९४६ चा आणि दिल्ली व वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली तीही त्याच वर्षी.

ऑनलाइन आणि दूरशिक्षणाची वाटही भारतात अगदी अनोळखी नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग दूरशिक्षणाने सुरू केले. प्रवेश फक्त नोंदणीकृत आणि कामाचा अनुभव असलेल्या परिचारिकांना, प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची, केंद्रे नर्सिंग महाविद्यालये व रुग्णालयांशी जोडलेली. त्या काळी पुस्तकांचे गठ्ठे पोस्टाने येत. आज त्या जागी मोबाइल आला, मूळ रचना तीच राहू शकते. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायला मनाई असलेल्या विषयांच्या यादीत वैद्यक, दंतवैद्यक, फिजिओथेरपी यांच्याबरोबर नर्सिंगही आहे. म्हणजे आज एखाद्या संस्थेने उठून ऑनलाइन नर्सिंग पदवीची पाटी लावली तर ती नियमात बसत नाही. अभ्यासक्रम सुरू करायचा तर नियामकाच्या परवानगीने, आणि परवानगी देताना कडक अटी घालूनच तो सुरू व्हायला हवा. यादीतले नाव काढून टाकून मोकळे होण्यात शहाणपण नाही.

अटी कशा असाव्यात याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. तिथल्या ओपन युनिव्हर्सिटीने २००२ पासून नर्सिंगचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने सुरू केले. सुरुवातीला ते रुग्णालयांत आधीच मदतनीस म्हणून काम करणाऱ्या आणि मालकाचा पाठिंबा असलेल्या लोकांसाठी होते. वाचन घरी, प्रात्यक्षिक रुग्णालयात. तिथल्या नर्सिंग परिषदेच्या नियमानुसार नोंदणीसाठी ४,६०० तासांचे शिक्षण लागते आणि त्यातले निम्मे, म्हणजे २,३०० तास, प्रत्यक्ष कामाचे. अभ्यासक्रम घरून केला म्हणून त्यातला एक तासही माफ होत नाही. त्याहून महत्त्वाचा दुसरा नियम. शिकत असलेल्या वेळात विद्यार्थी वॉर्डच्या मनुष्यबळात धरायचा नाही. वॉर्डला पाच परिचारिका लागत असतील तर पाच असायलाच हव्यात, विद्यार्थी त्यांच्याशिवाय. तो तिथे शिकायला आलेला असतो, रिकामी जागा भरायला नाही.

हा नियम आपल्याकडे आणणे सर्वांत अवघड जाईल. सामान्य वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका असा सरकारी निकष कागदावर आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकीवर तीस-चाळीस रुग्ण, ही तक्रार इतकी जुनी की तिच्यावर मोर्चे निघाले तरी बातमी आतल्या पानावर जाते. अशा वॉर्डात शिकाऊ परिचारिका आली की पहिल्या दिवसापासून तिच्या हाती बीपीचे यंत्र आणि चाळीस रुग्णांची यादी पडते. रुग्णालयांनी चालवलेल्या नर्सिंग शाळांची अनेक दशकांची कहाणी हीच आहे. विद्यार्थिनी म्हणजे स्वस्तातले हात. त्यातूनही मुली शिकल्या, कित्येक जणी उत्तम परिचारिका झाल्या, हे खरेच. पण तो शिक्षणपद्धतीचा गुण नव्हता. त्या मुली चिवट होत्या.

नोकरी करत शिकणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत हा धोका दुप्पट होतो. ती ज्या वॉर्डात नोकरी करते, तिथलीच ड्यूटी ‘क्लिनिकल तास’ म्हणून लिहून द्यायचा मोह सगळ्यांनाच होणार. तिला सोपे, रुग्णालयाला फुकट, विद्यापीठाला बिनखर्चाचे. कुणाचीच तक्रार नसल्याने पकडणारेही कुणी नाही. बारा वर्षे पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात काम केलेल्या सिस्टरने आणखी चारशे तास त्याच वॉर्डात ड्रेसिंग केले, तर ती नवीन काय शिकली? पदवीच्या अभ्यासक्रमात मनोरुग्ण सेवा आहे, सामाजिक आरोग्य आहे, बालरोग, अतिदक्षता आहे. यातला निम्मा भाग तिने जीएनएमनंतर पाहिलेलाही नसतो. अनुभवाला मान हवा आणि काही कौशल्यांत तिची परीक्षा घेऊन तास माफ करणेही योग्य ठरेल. पण ज्या कामासाठी पगार मिळतो ते काम आणि ज्यासाठी पदवी मिळते ते शिक्षण, या दोन नोंदी एकाच वहीत असता कामा नयेत.

कृत्रिम पुतळ्यांवरचा सराव हा यावरचा तोडगा म्हणून पुढे केला जातो. अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला मोठा अभ्यास त्यासाठी हटकून सांगितला जातो. दहा नर्सिंग संस्थांमधल्या विद्यार्थ्यांचे गट पाडून काहींचे पंचवीस टक्के, तर काहींचे पन्नास टक्के क्लिनिकल तास सिम्युलेशनने भरले आणि नोकरी लागल्यावर सहा महिन्यांपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांत आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘निम्मे तास पुतळ्यावर चालतात’ एवढाच निष्कर्ष संस्थाचालकांच्या लक्षात राहतो. अट विसरली जाते. तिथे शिकवणारे सिम्युलेशनसाठी खास तयार केलेले होते, साधने पुरेशी होती आणि प्रत्येक प्रसंगानंतर काय चुकले यावर नीट बसून चर्चा होत होती. हृदय बंद पडणे, बाळंतिणीला आलेले झटके अशा क्वचित येणाऱ्या आणि चुकीला वाव नसणाऱ्या प्रसंगांची तालीम पुतळ्यावरच व्हायला हवी, यात वाद नाही. पण कुलूप लावलेल्या खोलीत प्लॅस्टिकच्या आवरणात ठेवलेला, तपासणीच्या दिवशीच उघडणारा पुतळा पन्नास टक्के सोडा, पाच टक्क्यांचीही जागा घेऊ शकत नाही. पुतळा लाजत नाही, ओरडत नाही. त्याचे नातेवाईक दारात उभे नसतात. ब्रिटनच्या परिषदेनेही २०२३ पासून २,३०० तासांपैकी जास्तीत जास्त ६०० तास सिम्युलेशनला दिले, तेही तपासून मान्यता दिलेल्या संस्थांनाच.

मग ऑनलाइन म्हटले की फसवणूक वाढेल, ही भीती खोटी आहे का? खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली तेव्हा निकषात न बसणारी अनेक महाविद्यालये उघडी पडली. पुढे मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. ही सगळी महाविद्यालये नियमित होती, त्यांत ऑनलाइन काही नव्हते. इमारत असून शिक्षण नसू शकते. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये उघड झालेले प्रकरण आणखी बोलके आहे. फ्लोरिडातल्या काही नर्सिंग संस्थांनी ७,६०० हून अधिक बनावट पदव्या व गुणपत्रिका विकल्या होत्या. विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण परवान्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. लेखी परीक्षा कितीही कडक असली तरी खाटेपाशी घालवलेले तास खरे की खोटे, हे तिला कळत नाही.

म्हणून देखरेखीचा भर तासांवर हवा. आपल्याकडे प्रात्यक्षिकाच्या वह्या कशा भरल्या जातात, हे ज्याने कुठलेही विज्ञान शिकले आहे त्याला सांगायला नको. मागच्या वर्षीच्या ताईची वही, आपले अक्षर, शेवटच्या आठवड्यात शंभर सह्या. बोटाचा ठसा घेणारे यंत्र लावून हे थांबत नाही. यंत्राला माणूस आला एवढे कळते, तो शिकला का ते कळत नाही. त्यापेक्षा दर टप्प्याला बाहेरच्या परीक्षकांसमोर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा घेणे बरे. एका टेबलावर रक्त चढवण्यापूर्वीची पडताळणी, दुसऱ्यावर श्वास घुसमटलेले नवजात बाळ, तिसऱ्यावर मुलगा गेल्याची बातमी ऐकलेली आई. परीक्षक त्याच रुग्णालयातला नसावा, एवढी काळजी घेतली तरी निम्मे गैरप्रकार आपोआप गळतील.

शिकवणाऱ्यांचा प्रश्न मात्र पैशांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या परिसेविकेला वॉर्ड, औषधांचा साठा, नोंदवह्या, नातेवाइकांची भांडणे सांभाळून ‘या चौघींनाही शिकवा’ म्हणणे हा तिच्यावरही अन्याय आहे आणि त्या चौघींवरही. तिला आठवड्यातून ठरावीक तास फक्त शिकवण्यासाठी मोकळे हवेत, त्याचे मानधन हवे, कसे शिकवावे याचे थोडे प्रशिक्षण हवे. ऑनलाइन अभ्यासक्रमात वर्ग, वसतिगृह, फळे यांचा जो खर्च वाचतो तो इथे यायला हवा. अनुभव असा आहे की वाचलेला खर्च संस्थेच्या नफ्यात जातो आणि विद्यार्थ्याला वर ‘पोर्टल शुल्क’ लागते. शुल्क ठरवताना प्रात्यक्षिकाच्या देखरेखीवर किती खर्च होणार हे वेगळे दाखवण्याची सक्ती करता येईल.

महाराष्ट्रात हे कसे दिसेल? गडचिरोलीच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका घ्या. व्याख्याने ती उतरवून घेऊन नंतर पाहू शकली पाहिजेत. दुर्गम भागात रेंज नसते आणि सकाळी रात्रपाळी संपवून नऊ वाजता थेट वर्गाला बसणे कुणालाच जमत नाही. ज्याने वेळापत्रक केले त्याने एकदा स्वतः करून पाहावे. प्रसूती आणि बालरोगाचे तास तिला जवळच्या जिल्हा रुग्णालयात करता येतील. मनोरुग्ण सेवेसाठी मात्र तिला नागपूरला जावे लागेल, कारण राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. तिथे ती चार-सहा आठवडे राहणार कुठे, तिचा पगार चालू राहणार का, गावच्या रुग्णालयात तिच्या जागी कोण? पगारी प्रतिनियुक्ती आणि बदली परिचारिका या दोन गोष्टी शासनाने मान्य केल्याशिवाय ही पदवी पुन्हा शहरातल्या, मोठ्या रुग्णालयातल्या, सोय असलेल्या परिचारिकांपुरतीच राहील. ज्यांच्यासाठी ती काढली त्या बाजूलाच.

नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि दूरशिक्षणाचा दीर्घ अनुभव असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही त्याच शहरात आहे. एकाकडे क्लिनिकल शिक्षणाची चौकट, दुसऱ्याकडे नोकरदार विद्यार्थ्यांना शिकवण्याची सवय. दोघांनी मिळून, परिषदेच्या परवानगीने, दोन-तीन जिल्ह्यांत शंभरेक नोंदणीकृत परिचारिकांपुरता प्रयोग करावा. पाच वर्षांनी त्या काय करू शकतात हे मोजावे आणि मग पुढे जावे. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व प्रसविका आयोगाचा कायदा केला आहे. नव्या नियामकाला नियम नव्याने लिहावे लागतील. त्या वेळी या प्रयोगाची जागा करून ठेवता येईल.

बारावी झालेल्या मुलामुलींसाठी मात्र आज तरी याचे उत्तर ‘नाही’ असेच असावे. ज्याने रुग्णाला कधी हात लावलेला नाही, त्याला आधी वॉर्डाची सवय व्हावी लागते. वास, रक्त, रात्र, मृत्यू यांची. नोंदणीकृत परिचारिकेजवळ ही शिदोरी असते आणि पुस्तकातले वाक्य तिला आठवणीतल्या एखाद्या रुग्णाशी जोडता येते. अठरा वर्षांच्या मुलीला ते जमणार नाही, त्यात तिचा दोष नाही. करोनाच्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने मोबाइलवर शिकलेल्या तुकड्या वॉर्डात आल्या तेव्हा त्यांची उडालेली तारांबळ ज्येष्ठ सिस्टरांनी पाहिली आहे. ब्रिटनने घरून शिकवायला सुरुवात केली तीही रुग्णालयात आधीच वावरणाऱ्या मदतनीसांपासून. आपल्याकडे एएनएम भगिनी त्या जागी आहेत. उपकेंद्रात लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सारे करणाऱ्या. त्यांना पदविकेपर्यंत नेण्यासाठी असा मिश्र अभ्यासक्रम हा पुढचा टप्पा असू शकेल.

तोपर्यंत ‘घरबसल्या नर्सिंगची पदवी’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी राज्याच्या नर्सिंग परिषदेकडे एकच चौकशी करावी. या पदवीवर नोंदणी होते का? नोंदणी नसेल तर परिचारिका म्हणून काम करता येत नाही. संस्थेचा माणूस फोनवर कितीही गोड बोलला तरी उत्तर परिषदेकडूनच घ्यावे, आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डात, कुणाच्या देखरेखीखाली होणार हे लेखी मागावे. ‘तुमच्या जवळच्या हॉस्पिटलचे पत्र आणा, झाले’ असे सांगणाऱ्याकडून अर्ज परत घेतलेला बरा.

आणि ज्या विद्यापीठाला हा अभ्यासक्रम खरोखर सुरू करायचा आहे, त्याने सॉफ्टवेअरची निविदा काढण्याआधी एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या मेट्रनच्या खोलीत जाऊन भिंतीवरची महिन्याची ड्यूटी लिस्ट पाहावी. त्या कागदावर शिकणाऱ्या सिस्टरच्या नावापुढे, आठवड्यातून दोन दिवस, सकाळ-दुपार-रात्र यांपैकी काहीही न लिहिता ‘विद्यार्थिनी’ असे लिहायची आणि त्या दिवशी तिच्या जागी दुसरी परिचारिका आणायची सोय आहे का, हे मेट्रनबाई दोन मिनिटांत सांगतील.